आवाजाची पाठचिकित्सा

‘डिजिटल आवाजात जीव नसतो’ हे वाक्य मराठीत आता म्हणीच्या पदाला पोहोचले आहे. ते उच्चारणाऱ्याने जीव म्हणजे काय हे सांगायचे नसते आणि ऐकणाऱ्याने विचारायचे नसते. होम थिएटरचा रिसीव्हर निवडायची वेळ आली, की हेच वाक्य थोड्या तांत्रिक वेषात पुन्हा भेटते. जुन्या पद्धतीचा, वजनदार, तापणारा रिसीव्हर आवाजाला ‘ऊब’ देतो. नव्या डिजिटल पद्धतीचा, हलका रिसीव्हर ‘स्वच्छ पण कोरडा’ वाजतो. ऊब, कोरडेपणा, गोलाई, भरीवपणा, पारदर्शकता! ही विशेषणे वाचताना आम्हा साहित्याच्या अध्यापकांना ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटते. कवितेच्या परीक्षणांमधून हीच विशेषणे वर्षानुवर्षे, अशीच, पुराव्यावाचून नांदत आलेली आहेत. तेव्हा साहित्याच्या पानावर या यंत्राची चर्चा करण्याचा थोडासा अधिकार आपल्यालाही आहे, असे आम्ही समजतो.

निमित्त अर्थातच व्यावहारिक आहे. रामटेकसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवताना एक अडचण सतत जाणवते. विद्यार्थी कविता वाचतो, ऐकत नाही. सुरेश भट आपल्या गझला मैफलीत स्वतः गाऊन सादर करीत. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने गावोगाव काव्यवाचने करून महाराष्ट्राचा कान घडवला. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी बोरकरांची कविता रंगमंचावर नेली. हे सारे मराठी साहित्याच्या इतिहासाचा भाग आहे. परंतु आमच्या विद्यार्थ्यापर्यंत ते पोहोचते ते भ्रमणध्वनीच्या नखाएवढ्या कर्ण्यातून, तेही कुणी कुणाची नक्कल केलेल्या पाचव्या-सहाव्या प्रतीतून. विभागात एक श्रवणकक्ष असावा, त्यात बरा आवाज असावा, ही मागणी त्यातूनच आली. अशा कामाला महाविद्यालयात पैसा एकदा मिळतो. तो चुकीच्या जागी गेला, तर पुढच्या दहा तुकड्या चुकीचे ऐकतात. म्हणून ‘डिजिटल की पारंपरिक’ हा प्रश्न आम्हाला शौकिनांचा वाटत नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. रिसीव्हर ही एक पेटी दिसत असली तरी तिच्यात तीन कामे चालतात. आलेल्या संकेतातून वेगवेगळ्या दिशांचे आवाज उलगडणे हे पहिले, त्यांवर हवे-नको ते संस्कार करणे हे दुसरे आणि शेवटी ते स्पीकर हलवण्याइतके बलवान करणे हे तिसरे. ज्याला बाजारात ‘पारंपरिक’ म्हणतात, तो रिसीव्हरही पहिल्या दोन कामांत पूर्णपणे डिजिटलच असतो. डीव्हीडी असो, आजची ओटीटी सेवा असो, त्यांतून येतात ते आकडे. पारंपरिक यंत्र त्या आकड्यांचे आधी सलग विद्युतलहरीत रूपांतर करते आणि मग ‘क्लास एबी’ पद्धतीच्या ॲम्प्लिफायरने ती लहर मोठी करते. डिजिटल म्हणवणारा रिसीव्हर हे रूपांतर शेवटच्या टोकापर्यंत लांबवतो. तो आकड्यांवरून कमी-अधिक रुंदीचे स्पंद तयार करतो, सेकंदाला लाखो वेळा ट्रान्झिस्टर चालू-बंद करतो आणि स्पीकरच्या दाराशी एक गाळणी लावून त्यातून मूळ लहर मोकळी करतो. पॅनासॉनिकने २०००च्या दशकात अशा रिसीव्हरांची एक मालिकाच काढली होती. जेमतेम चार-पाच किलोंचे ते यंत्र पाहून त्या वेळच्या शौकिनांनी नाके मुरडली आणि नंतर त्यांतल्याच काहींनी ते मुकाट्याने घरी नेले.

या दुसऱ्या पद्धतीला ‘क्लास डी’ म्हणतात. त्यातला डी ‘डिजिटल’चा, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः ए, बी आणि सी ही अक्षरे आधीच वापरून झाली होती, म्हणून पुढचे अक्षर घेतले गेले, इतकेच. ही कल्पनाही आजची नव्हे. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली या पद्धतीचा ॲम्प्लिफायर बाजारात आणला होता. तो साफ फसला, कारण इतक्या वेगाने उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर त्या काळी नव्हते. ज्याला आपण ‘नवी, निर्जीव पद्धत’ म्हणतो ती मराठीतल्या साठोत्तरी साहित्याच्या वयाची आहे, हे लक्षात घेतले तर परंपरेच्या नावाने उसासे टाकणे थोडे अवघड होईल.

पण मग ऊब कुठून येते? एक ऊब तर अगदी शब्दशः असते. क्लास एबी ॲम्प्लिफायर विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतो. अशा पद्धतीची कार्यक्षमता गणितातच ७८ टक्क्यांच्या आसपास अडते आणि नेहमीच्या मंद आवाजात ती त्याहून कितीतरी खाली असते. क्लास डी नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. लंडनच्या हिवाळ्यात या फरकाचे कुणाला काही वाटणार नाही. विदर्भात वाटते. मे २०१३मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आणि रामटेक नागपूरहून पन्नास किलोमीटरवर असले, तरी उन्हाच्या बाबतीत ते अंतर शून्य आहे. बंद कपाटात ठेवलेला पारंपरिक रिसीव्हर एप्रिलच्या दुपारी स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडतो, हे यंत्राच्या दृष्टीने शहाणपणाचे असले तरी तासाच्या दृष्टीने नाही. शिवाय आमच्याकडे विजेचा दाब चढतो-उतरतो. जड रोहित्रावर चालणाऱ्या यंत्रात दाब उतरला की ताकदही उतरते. नव्या पद्धतीचा वीजपुरवठा हा चढ-उतार बऱ्याच अंशी पोटात घेतो.

आणि कूलर! ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांत ॲम्प्लिफायरच्या सूक्ष्म खरखरीची चर्चा पानेच्या पाने चालते. मार्च ते जून या काळात विदर्भातल्या खोलीत जो गवताच्या ताट्यांचा कूलर धडधडत असतो, त्याच्यापुढे त्या खरखरीची काय कथा? ‘सैराट’चा (२०१६) शेवट नागराज मंजुळे यांनी निःशब्द ठेवला. ती शांतता ऐकायची तर आधी कूलर बंद करायचा की पडदा पाहायचा, हा इथला खरा श्रवणविषयक पेच आहे. रिसीव्हर कोणत्या जातीचा, हा त्याच्या पुष्कळ नंतरचा.

ऊब या शब्दाचा दुसरा अर्थ मात्र श्रवणाचाच आहे आणि तो टाकून देता येणार नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओवर ज्यांचे बालपण गेले त्यांना तो आवाज भरदार वाटे. त्याचे कारण पुष्कळसे असे, की त्या रेडिओत वरचे स्वर कापले जात आणि लाकडी पेटी खालच्या स्वरांना आपला गुंजारव जोडत असे. म्हणजे आपण ज्याला जीव म्हणत होतो तो काही अंशी पाठातला प्रक्षेप होता. प्रक्षेप रम्य असू शकतो. ज्या ओव्या आपल्याला तोंडपाठ असतात त्यांतही प्रक्षिप्त निघतात. परंतु तो रम्य आहे म्हणून मूळ ठरत नाही.

पारंपरिक आणि डिजिटल यांच्यातला ऐकू येणारा फरक मुळात किती? अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने १९८७ साली स्वस्त रिसीव्हरपासून अतिमहाग व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत वेगवेगळी यंत्रे श्रोत्यांना, कोणते यंत्र वाजते आहे ते न सांगता ऐकवली. आवाजाची पातळी काटेकोरपणे समान ठेवल्यावर श्रोत्यांना यंत्रे खात्रीने ओळखता आली नाहीत. यातली ‘पातळी समान’ ही अट कळीची आहे. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल तर कान त्याला ‘मोठे’ म्हणत नाही, ‘चांगले’ म्हणतो. दुकानात तुलना करताना हीच गंमत होते. वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण केलेल्या कुणालाही हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

याचा अर्थ फरक कधीच नसतो असा नव्हे. सुरुवातीच्या अनेक डिजिटल रिसीव्हरांत शेवटची गाळणी स्पीकरच्या स्वभावावर अवलंबून असे. एका स्पीकरशी तिचे जमे, दुसऱ्याशी वरचे स्वर थोडे उजळ किंवा मलूल होत. ज्यांनी त्या काळात ‘कोरडा’ म्हटले त्यांच्या कानांना दोष देण्याचे कारण नाही. पुढच्या रचनांमध्ये गाळणीनंतरच्या आवाजाची मूळ संकेताशी सतत पडताळणी होऊ लागली आणि हा दोष बहुतांशी मिटला. दोष मिटला, विशेषण मात्र राहिले. समीक्षेतही असेच होते. एखाद्या कवीच्या पहिल्या संग्रहाला चिकटलेले विशेषण त्याच्या पाचव्या संग्रहापर्यंत सुटत नाही.

ताकदीबद्दल एक सावधगिरी. बाजारातल्या स्वस्त संचांवर ‘पीएमपीओ’ अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे हजारांतले वॅट छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या आकड्याला वाङ्मयीन संज्ञा द्यायची तर ती अतिशयोक्ती अलंकार ही आहे. वर्गाएवढ्या खोलीत बोललेला शब्द नीट पोहोचवायला बरा स्पीकर असेल तर सरासरी पाच वॅटही पुष्कळ होतात. ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो आणि तो कानाला दुप्पट भासायला ताकद सुमारे दसपट लागते. शंभर वॅटचा रिसीव्हर सोडून दीडशेचा घेण्यात जे पैसे जातात, त्यांतून खिडक्यांना जाड पडदे येतात. उघड्या भिंतींच्या, फरशीच्या खोलीत आवाज इतका घुमतो की जोडाक्षरे एकमेकांवर चढतात. हे काम कोणताही रिसीव्हर दुरुस्त करू शकत नाही.

आमची कसोटी शब्दाची आहे. मराठीला ‘च’चे आणि ‘ज’चे दोन-दोन उच्चार आहेत, चमचा आणि चंद्र यांतला भेद लिपीत दिसत नाही, कानातच राहतो. स, श, च, छ या वर्णांची ओळख प्रामुख्याने वरच्या स्वरांत पसरलेल्या घर्षणात असते. जुन्या दूरध्वनीत आवाज ३,४०० हर्ट्झला कापला जाई, म्हणून नाव सांगताना ‘स, समईतला’ असे स्पष्टीकरण द्यावे लागे. आज हे घर्षण कापते कोण? रिसीव्हर नव्हे. ते कापले जाते एमपी३ करताना, जागा वाचवण्यासाठी फाईल दाबून लहान करण्याच्या हव्यासात. सीडी १९८२ साली आली तेव्हा तिचा आवाका सोळा बिटांचा, म्हणजे ९६ डेसिबलच्या घरातला होता. मानवी वाणीला तो भरपूर आहे. त्याच सीडीची नक्कल, नकलेची नक्कल आणि तिसऱ्याने पुन्हा दाबलेली फाईल ऐकून आपण ‘डिजिटल आवाजात जीव नसतो’ असा निष्कर्ष काढतो. ही तर शुद्ध पाठपरंपरेची समस्या झाली. लेखनिकाने केलेल्या चुकांचे खापर शाईवर फोडण्यासारखे आहे हे.

पाठपरंपरेचा विषय निघालाच आहे तर ‘गीतरामायणा’चे उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आकाशवाणीचे पुणे केंद्र, प्रारंभ १ एप्रिल १९५५ची रामनवमी आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक गीत. प्रक्षेपणात गायक अनेक होते. नंतरच्या ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी रुजला तो एकट्या बाबूजींचा आवाज. म्हणजे एकाच काव्याच्या दोन श्राव्य संहिता झाल्या, आणि विद्यार्थ्याने त्यांतला भेद जाणणे हा अभ्यासाचा भाग आहे. आता हे एककर्णी प्रक्षेपण पाच स्पीकरांच्या होम थिएटरवर लावून पाहा. बहुतेक रिसीव्हर ते जसेच्या तसे वाजवत नाहीत. ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘चर्च’ अशा नावांचे संस्कार त्यांच्या पोटात तयार असतात. कळ चुकून दाबलेली असली तर श्रीरामाची कथा पाठीमागच्या दोन कोपऱ्यांतूनही ऐकू येऊ लागते आणि गायक कुठल्याशा क्रीडांगणाच्या मधोमध उभा राहतो. ज्या गावाला रामाच्या मुक्कामावरून नाव पडले अशी श्रद्धा आहे, तिथे ही विटंबना थोडी जास्तच बोचते, पण मुद्दा श्रद्धेचा नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली होती. रिसीव्हरातल्या या कळा म्हणजे घातलेल्या ओव्या आहेत. आणि त्या डिजिटल जातीच्या यंत्रात जितक्या असतात तितक्याच पारंपरिक जातीच्या यंत्रातही असतात, कारण वर म्हटल्याप्रमाणे संस्काराचे काम दोन्हीकडे आकड्यांतच चालते. मूलनिष्ठेच्या दृष्टीने जो प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यावर ‘डिजिटल की पारंपरिक’ हा वाद काहीच बोलत नाही.

चित्रपटाची गोष्ट निराळी. तिथे दिशा हा रचनेचाच भाग असतो. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तो पसारा एका स्पीकरमध्ये कोंबणे म्हणजे कादंबरीचा गोषवारा वाचण्यासारखे होईल. पण तिथेही संवाद मुख्यतः मधल्या एका स्पीकरातून येतो. ‘संवाद कळत नाहीत, गाणी मात्र दणाणतात’ ही घरोघरीची तक्रार असते, तेव्हा बहुधा हा मधला स्पीकर लहान, स्वस्त आणि दूरदर्शन संचाच्या मागे लपवलेला असतो. पैसा सारा सबवूफरवर गेलेला असतो. खालच्या स्वरांचे आकर्षण आम्हालाही समजते. ज्या रामगिरीवरून ‘मेघदूता’तला यक्ष मेघाला निरोप सांगतो तो पर्वत म्हणजे रामटेकच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्या मेघाच्या गर्जनेला कालिदासाने महाकालाच्या सायंपूजेतल्या नगाऱ्याचे काम दिले आहे. मंद्र नादाची थोरवी आमच्या गावाला कुणी शिकवायला नको. तरीही, यक्षाने मेघाकडून अपेक्षा केली होती ती निरोप पोहोचवण्याची.

पारंपरिक रिसीव्हरच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे आणि तो डावलणे अन्यायाचे होईल. आमच्यासारख्या विभागांकडे कॅसेटी आहेत, काही ठिकाणी तबकड्या आहेत. संपूर्ण डिजिटल रिसीव्हरमध्ये कॅसेटचा आवाज शिरला की त्याचे आधी आकडे होतात, मगच तो पुढे जातो. पारंपरिक यंत्रात मात्र ‘डायरेक्ट’ कळ दाबली तर पुष्कळ यंत्रांत लहर न तुटता टोकापर्यंत जाते. हस्तलिखित प्रत्यक्ष पाहणे आणि त्याची छायाप्रत पाहणे यांत जे अंतर, ते इथे आहे, असे म्हणता येईल. पण छायाप्रत किती चांगली, हेही पाहिले पाहिजे. कॅसेटचा आवाका पन्नास-साठ डेसिबलचा. रिसीव्हरमधले आकडे करणारे साधन त्याहून कितीतरी बारीक मोजते. गढूळ पाण्याला दोन पदरी गाळण लावल्याने पाणी अधिक गढूळ होत नाही. (आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांचे कान तर वरच्या स्वरांत तसेही उताराला लागलेले असतात. या विषयातला अंतिम निवाडा वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनी करावा हे न्यायाचे. दुर्दैवाने खरेदी समितीत ते नसतात.)

तेव्हा आमचे मत असे. आमच्या हवेत, आमच्या विजेवर आणि शब्दप्रधान कामासाठी डिजिटल पद्धतीचा, साधा, कमी कळांचा रिसीव्हर घ्यावा. जड यंत्र न घेतल्याने वाचलेला पैसा समोरच्या दोन आणि मधल्या एका स्पीकरवर घालावा, उरेल तो पडद्यांवर आणि फरशीवरच्या सतरंजीवर. मागचे स्पीकर नंतर आले तरी चालतील. यंत्र लावल्या दिवशीच सगळे संस्कार बंद करून, जुन्या एककर्णी ध्वनिमुद्रणासाठी ‘स्टिरिओ’ ही साधी अवस्था कायम करावी आणि ती कशी ठेवायची हे कागदावर लिहून यंत्रावर चिकटवावे. ज्यांच्याकडे चांगला चालणारा जुना रिसीव्हर आहे त्यांनी तो विकण्याची काहीच गरज नाही. दाराकडे वारा राहील अशा जागी ठेवला की पुरे.

यात एक काम वेळेचे आहे. विदर्भातल्या कपाटांत कविसंमेलनांच्या, व्याख्यानांच्या, आता हयात नसलेल्या कवींच्या आवाजाच्या कॅसेटी पडून आहेत. दर उन्हाळ्यात त्यांची फीत थोडी ताणते, चिकटते, चुंबकीय लेप सुटू लागतो. आणि त्या वाजवणारे डेक दुरुस्त करणारे कारागीर त्याहून वेगाने नाहीसे होत आहेत. ज्या विभागाने रिसीव्हर घेतला असेल त्याने पहिल्या सत्रातच एक जुना डेक मिळवावा, त्याचा पट्टा बदलून घ्यावा, त्याचे मुख स्पिरिटने पुसावे आणि कॅसेटी एकेक करून न दाबलेल्या, पूर्ण आकाराच्या फाईलमध्ये उतरवाव्यात. प्रत्येकीबरोबर स्थळ, दिनांक, वाचणारा कोण, कॅसेट कुणाकडून आली आणि ती मूळ की नक्कल, एवढे लिहून ठेवावे. खरखर काढण्याच्या मोहात मूळ फाईलला हात लावू नये; साफ केलेली प्रत वेगळी ठेवावी. एम.ए.च्या दोन विद्यार्थ्यांना एका सत्रात तीस-चाळीस कॅसेटी सहज होतात. मार्चपूर्वी सुरुवात केली तर कूलर लागायच्या आत काम उरकते.